भूमी हलली तरी न हलणारे
अनिश्चिततेच्या काळात ईश्वरी प्रेमाचा आधार म्हणजे नेमके काय?

अनंत चतुर्दशीच्या दिवशी, २९ सप्टेंबर १९९३ रोजी, गणरायाला निरोप देऊन लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि शेजारची अनेक गावे रात्री उशिरा झोपी गेली. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास भूमी हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ इतकी मोजली गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील बावन्न गावे जवळपास जमीनदोस्त झाली. मृतांची सरकारी नोंद आठ हजारांच्या घरात गेली. सरणाला लाकूड पुरेना, पाऊस थांबेना, अशा अवस्थेत सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. लगेचच पितृपक्ष सुरू झाला. पण कित्येक घरांत पितरांना पाणी द्यायलाही कोणी उरले नव्हते.

विघ्नहर्त्याला निरोप देऊन काही तास लोटले नव्हते, तोच हे विघ्न कोसळले. त्यामुळे त्या दिवसांत एक प्रश्न अनेकांच्या मनात उभा राहिला. ईश्वराचे प्रेम अढळ आहे असे संतांनी सांगितले, मग त्या पहाटे ते प्रेम कुठे होते? हा प्रश्न श्रद्धावंताला विचारता येतो का? आणि विचारला तर श्रद्धा शिल्लक राहते का? नांदेड आणि लातूर या दोन शेजारी जिल्ह्यांच्या भूमीतच या प्रश्नाची काही उत्तरे दडलेली आहेत. ती समजून घेण्यासारखी आहेत.

कोप आणि कारण

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. किल्लारीचा भूकंप हा कोणाच्या पापाची शिक्षा नव्हता. दख्खनचे पठार भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने स्थिर मानले जात होते. देशाच्या तेव्हाच्या भूकंप नकाशात हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात मोडत होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला गेला तेव्हा हा पहिला विभागच रद्द झाला आणि लातूर परिसराची गणना तिसऱ्या विभागात होऊ लागली. म्हणजे ज्या जमिनीला आपण सर्वांत सुरक्षित समजत होतो, तिच्याविषयीचे आपले ज्ञानच अपुरे होते.

माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही या भागातील घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. उन्हाळ्यात ती घरे गारवा देत. मात्र धक्का बसताच भिंतींतील दगड निखळले आणि वरचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. हे कार्यकारण समजून घेणे श्रद्धेच्या विरोधात नाही. किंबहुना, ते श्रद्धेला एका जुन्या आणि क्रूर गैरसमजातून मोकळे करते. 'देव कोपला' असे म्हटले की मेलेल्या निष्पाप बाळालाही अपराधी ठरवावे लागते. असा कोपिष्ट देव भीती देऊ शकेल, धीर देऊ शकणार नाही.

मानसशास्त्रानेही या बाबीची दखल घेतली आहे. संकटाला तोंड देताना माणसे धर्माचा आधार कसा घेतात, याचा अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी अनेक वर्षे केला. त्यांनी दोन वाटा वेगळ्या दाखविल्या. एका वाटेवर माणूस ईश्वराला सोबती मानतो आणि समाजाचा आधार शोधतो. दुसऱ्या वाटेवर तो स्वतःला शापित, देवाने टाकलेला किंवा शिक्षा झालेला समजतो. पहिली वाट सावरण्यास साह्य करते, तर दुसरी दुःख अधिक खोल करते, असे या अभ्यासांतून साधारणपणे दिसते. म्हणजे नुसते 'देव मानणे' पुरेसे नाही. आपण कोणता देव मानतो, यावर बरेच अवलंबून असते.

माउली या शब्दाचा अर्थ

मराठी संतपरंपरेने या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात दिले आहे. तो शब्द म्हणजे माउली. पंढरीच्या पुरुषदेवतेला या परंपरेने आई म्हटले, त्यामागे खोल विचार आहे. राजाशी नाते आज्ञेचे असते, सावकाराशी देण्याघेण्याचे असते. आईशी असलेले नाते लेकराच्या लायकीवर ठरत नाही. ते आधीच असते. लेकरू पडणार नाही, आजारी होणार नाही, याची हमी कोणतीही आई देऊ शकत नाही. पण ते पडले तर आई उठून जाणार नाही, याची मात्र खात्री असते.

ईश्वराचे एकनिष्ठ प्रेम म्हणजे हेच. ते संकटमुक्तीचे हमीपत्र नव्हे. संकटातही न तुटणारे ते नाते आहे. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच अनेकांची श्रद्धा पहिल्या मोठ्या आघातात मोडते. 'मी इतके उपवास केले, इतक्या वाऱ्या केल्या, तरी माझ्याच वाट्याला हे का?' या प्रश्नातले दुःख खरे आहे. पण त्यात एक न बोललेला करारही आहे. आपण भक्ती करायची आणि देवाने विमा उतरवायचा, असा तो करार. संतांनी असा करार कधी केला नव्हता. त्यांच्या चरित्रांकडे पाहिले तरी हे ध्यानात येते.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. लहानपणीच आईवडिलांपासून दुरावलेली ही मुलगी नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. दळणकांडण, झाडलोट, पाणी वाहणे हे तिचे आयुष्य. ते बदलले नाही. ती कोणाची राणी झाली नाही. परंपरा सांगते ती गोष्ट वेगळी आहे. विठ्ठल तिच्या जात्यापाशी येऊन बसला आणि तिच्याबरोबर दळू लागला. या कथेतला देव जाते नाहीसे करीत नाही. तो जात्याच्या खुंट्याला हात लावतो. दुःखाचे ओझे जिथल्या तिथे राहते, पण ते उचलणारे हात दोनाचे चार होतात. मराठी मनाला सांत्वनाचा जो अर्थ कळला, तो असा आहे.

नरसी ते नांदेड

नामदेवांचे स्वतःचे चरित्रही या संदर्भात बोलके आहे. परंपरा त्यांचे मूळ गाव म्हणून नरसीकडे बोट दाखविते. हे गाव आज नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील एक कथा सर्वश्रुत आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना हीन जातीचे म्हणून तेथून उठविले गेले. ते देवळाच्या मागे जाऊन बसले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. देवळातून हाकलले जाण्याचा आणि देऊळ फिरण्याचा हा प्रसंग नामदेवांच्या नावे असलेल्या, शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या एका पदातही आला आहे. ज्याला माणसांनी पाठ दाखविली त्याच्याकडे ईश्वराने तोंड फिरविले, हा त्या कथेचा गाभा आहे. अढळ प्रेमाची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण.

नामदेव पुढे उत्तरेत गेले. पंजाबातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याने ओळखले जाते. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथाचे संकलन केले. त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. आणि इतिहासाचे वर्तुळ पूर्ण झाले ते नांदेडला. १७०८ मध्ये गोदावरीच्या काठी, याच गावी दशमेश गुरू गोविंदसिंग यांनी आपल्यानंतर कोणी देहधारी गुरू नसेल, ग्रंथच गुरू असेल, असे सांगितल्याची शीख परंपरा आहे. मराठवाड्यातून पंजाबात गेलेली नामदेवांची वाणी अशा रीतीने मराठवाड्यातच गुरुपदी विराजमान झाली. २००८ मध्ये या घटनेची त्रिशताब्दी नांदेडने मोठ्या प्रमाणावर साजरी केली.

गुरू गोविंदसिंगांच्या आयुष्यातील अनिश्चितता आठवली की या घटनेचे वजन कळते. १६७५ मध्ये दिल्लीत वडील गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. पुढे चमकौरच्या लढाईत दोन मुलगे धारातीर्थी पडले. उरलेले दोन कोवळे मुलगे सरहिंद येथे मारले गेले. आई माता गुजरी यांचाही तेथेच अंत झाला. आनंदपूर सोडावे लागले. नांदेड मुक्कामी मारेकऱ्याने त्यांच्यावर वार केला आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ज्याचे सर्व काही हिरावले गेले, त्या माणसाने जाताना अनुयायांना शोक दिला नाही. कोणताही मारेकरी ज्यावर वार करू शकत नाही असा आधार दिला.

शीख परंपरेत यासाठी दोन सुंदर संज्ञा आहेत. 'भाणा' म्हणजे ईश्वराच्या इच्छेचा स्वीकार, आणि 'चढदी कला' म्हणजे प्रतिकूलतेतही खाली न येणारे मन. या दोन्ही एकत्र असतात, हे महत्त्वाचे. नुसता स्वीकार माणसाला निष्क्रिय करील आणि नुसता उत्साह त्याला कठोर करील. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे या दोहोंचे दृश्य रूप रोज पाहायला मिळते. ते म्हणजे लंगर. पंगतीत बसणाऱ्याला त्याचे नाव, जात, धर्म किंवा भविष्य विचारले जात नाही. २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा पंजाब आणि अन्य राज्यांतून आलेले हजारो यात्रेकरू नांदेडमध्ये अडकले होते. कोणाला घरी कधी जाता येईल हे ठाऊक नव्हते. पण उद्याच्या जेवणाची चिंता त्यांना करावी लागली नाही.

रडण्याची मुभा

येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. श्रद्धावंताने दुःख करू नये, तक्रार करू नये, असे अनेकदा सांगितले जाते. सांत्वनाला आलेली मंडळी 'देवाची इच्छा' एवढे दोन शब्द बोलून मोकळी होतात. जगातील थोर धर्मपरंपरांनी मात्र रडण्याची मुभा दिलेली आहे. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात, आणि म्हणून ख्रिस्ती बायबलमध्येही, 'विलापगीत' नावाचे एक छोटे पुस्तक आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम नगरी आणि तेथील मंदिर उद्ध्वस्त केले, त्यानंतरचा तो आक्रोश आहे. भुकेने तडफडणारी बालके, ओसाड रस्ते, देवाला विचारलेला जाब, हे सारे त्यात आहे. आणि ईश्वराच्या न संपणाऱ्या प्रेमाची ग्वाही याच पुस्तकाच्या मध्यावर येते. हिब्रू भाषेत त्या प्रेमाला 'हेसेद' म्हणतात. दया, वात्सल्य आणि दिलेल्या शब्दाशी इमान, या तिन्ही छटा त्या एका शब्दात आहेत. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, ही ग्वाही दिल्यानंतरही विलाप संपत नाही. तो पुढे चालूच राहतो. आशा आणि अश्रू यांना एकाच पुस्तकात जागा आहे.

आपल्याकडेही याहून वेगळे नाही. १६३०च्या आगेमागे महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. देहूच्या तुकोबांचा धंदा बुडाला, पत्नी आणि मुलगा गेले. त्या आघातातून त्यांची भक्ती आकाराला आली. पण ती गुळगुळीत भक्ती नव्हती. देवाशी भांडणारी, त्याला खडसावणारी, त्याच्या अस्तित्वाविषयीही जाब विचारणारी होती. भांडण तिथेच होते जिथे नाते असते. ज्याच्याशी आपले काही देणेघेणे नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही. तेव्हा 'देवा, तू कुठे होतास?' हा किल्लारीच्या ढिगाऱ्यावरचा प्रश्न नास्तिकाचा म्हणून झिडकारण्याचे कारण नाही. तो लेकराचा आईला विचारलेला प्रश्न असू शकतो.

प्रेमाला हात लागतात

मग त्या प्रश्नाचे उत्तर काय? शब्दांत दिलेले कोणतेही उत्तर अपुरे पडेल. परंपरेने ते कृतीत दिले आहे. पंधराव्या शतकातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मराठी माणसाला सांगायला नको. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली; आणि पंढरीचा राणा विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन त्या धान्याची किंमत भरून आला, अशी श्रद्धा आहे. या कथेचा क्रम लक्षात घ्यावा. देव नंतर आला. आधी एका माणसाने कोठाराचे कुलूप काढले.

किल्लारीतही असेच घडले. भूकंपाची बातमी पसरताच राज्यभरातून आणि देशभरातून मदत निघाली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. जागतिक बँकेच्या साह्याने राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबविला. बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली आणि घरे भूकंपरोधक बांधली गेली. या पुनर्वसनात उणिवा होत्याच. सरळ रेषांत आखलेल्या, ऐसपैस पसरलेल्या नव्या गावात जुनी गल्ली, जुना पार आणि शेजारधर्म हरवल्याची खंत लोकांनी बोलून दाखविली. तरीही ढिगाऱ्यापाशी 'आम्हाला कोण आहे?' असे विचारणाऱ्याला 'आम्ही आहोत' असे उत्तर मिळाले, हे खोटे नाही. ईश्वराच्या प्रेमाला या जगात स्वतःचे हात नाहीत. जे आहेत ते आपलेच.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरवर वेगळे संकट आले. मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या ठिकाणी गर्दी व भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. कृष्णाकाठच्या माणसांचे पाणी मांजराकाठी आले. पुढे पावसाळ्यात धरण भरले, पण त्याच पावसाने अनेक ठिकाणी उभी पिकेही नेली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर अतिवृष्टीने मराठवाड्याची शेती खरडून निघाली. एकदा पाणी नाही म्हणून, एकदा पाणी फार झाले म्हणून, या भूमीचे डोळे भरतात. पाऊस आला तर देव प्रसन्न, नाही आला तर रुष्ट, असा हिशेब मांडणाऱ्या श्रद्धेला येथे दरवर्षी नव्याने मोडावे लागेल. जी श्रद्धा पावसाच्या आकड्यांवर उभी नाही, तीच येथे टिकू शकते.

आधार कसा शोधावा?

शहरातील वाचकाला कदाचित वाटेल की, भूकंप आणि दुष्काळ या दूरच्या गोष्टी आहेत. पण अनिश्चितता फ्लॅटच्या दारातूनही आत येते. नोकरी जाते, तपासणीचा अहवाल हाती पडतो, परदेशी गेलेल्या मुलाचा फोन अनेक दिवस येत नाही. अशा वेळी वर आलेल्या विचारांतून तीन गोष्टी हाती लागतात. एक, आलेले संकट हा आपल्या अपराधाचा निकाल आहे असे मानू नये. दोन, प्रार्थनेत चांगले तेवढेच बोलण्याचे बंधन नाही. राग, भीती, शंका हे सारे तिथे नेता येते. तीन, एकट्याने झुरू नये. भजनी मंडळ असो, गुरुद्वारातील सेवा असो, विहारातील वंदना असो, मशिदीतील किंवा चर्चमधील सामूहिक प्रार्थना असो. ईश्वराच्या प्रेमाचा अनुभव बहुधा दुसऱ्या माणसाच्या रूपानेच येतो.

याबरोबरच एक इशाराही आवश्यक आहे. संकटात सापडलेल्या माणसाची अगतिकता ओळखून दुकान थाटणारे बुवा-बाबा सर्वत्र आहेत. जो भविष्याची हमी देतो आणि त्याची किंमत सांगतो, त्याच्यापासून दूर राहणे हेही श्रद्धेचेच काम आहे. कारण अढळ प्रेम विकत मिळत नसते. तसेच मन खचले, झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांची मदत घेणे हा श्रद्धेचा पराभव नव्हे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. जनाबाईंच्या जात्याला हात लावणारा देव समुपदेशकाच्या रूपाने येणार नाही, असे कोणी म्हणावे?

किल्लारीत दरवर्षी ३० सप्टेंबरला मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. मधल्या काळात तेथे नवी पिढी वाढली, शाळा भरल्या, लग्ने झाली आणि गणपतीही पुन्हा बसू लागले. ज्या सणाच्या रात्री सर्वस्व गेले तो सण पुन्हा घरात आणणे सोपे नसते. त्यामागे भूकंपाचा विसर नाही आणि भविष्याची खात्रीही नाही. आपल्याला सोडून न जाणारे काहीतरी आहे, एवढा एकच विश्वास त्यामागे आहे. जमीन पुन्हा हलणार नाही असे कोणीच सांगू शकत नाही. पण हललीच, तर शेजारच्या घराकडे आधी कोण धावेल, हे मात्र आपण आजच ठरवू शकतो.